तणनाशकसहनशील कापूस

ग्लायफोसेट हे तणनाशक फवारले तरी न जळणारी, जनुकबदल केलेली कपाशी. कागदोपत्री नाव ‘एचटीबीटी’. विदर्भात ‘चोर बीटी’. वेचलेल्या कापसाच्या वजनात सुमारे दोन तृतीयांश सरकी असते. तिच्यापासून खाद्यतेल व गुरांची ढेप मिळते, म्हणून या कपाशीचा विचार तेलबियांतही करावा लागतो.

ग्लायफोसेट वनस्पतीतील ईपीएसपीएस हे विकर बंद पाडते. मग तीन आवश्यक अमिनो आम्ले तयार होत नाहीत आणि झाड पिवळे पडून वाळते. या विकराचा ग्लायफोसेटला न जुमानणारा प्रकार ‘सीपी ४’ या जीवाणूत सापडला, आणि तो जीवाणू ग्लायफोसेटच्याच कारखान्याच्या सांडपाण्यात. त्याचे जनुक कपाशीत घातल्यानंतरचे काम जुन्या पैदाशीचे: स्थानिक वाणांशी पिढ्यान्‌पिढ्या संकर, रोपांवर फवारणी, आणि जगलेल्या रोपांचीच निवड.

मोन्सॅन्टोची भागीदार असलेल्या जालन्याच्या महिको कंपनीने अशा वाणाच्या परवानगीचा अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला. बियाणे मात्र चोरवाटेने शेतात पोचले. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरले. पर्यावरण संरक्षण कायदा, १९८६ नुसार तेव्हा अशा लागवडीबद्दल पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती.

एवढी जोखीम शेतकरी घेतो ती निंदणापायी. झड लागली की डवरा चालत नाही, तण कपाशीच्या वर जाते आणि मजूर सगळ्यांनाच एकाच आठवड्यात हवे असतात. ही गरज खरी आहे. तिला लबाडी म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण निंदणाची मजुरी मुख्यतः बायांच्या हाती पडते, हेही विसरता येत नाही.

पैदाशीच्या दृष्टीने चोरट्या बियाण्याचा दोष मोठा आहे. संकराच्या एकाच पालकात जनुक असेल, तर त्या संकराच्या सरकीतून उगवलेल्या पुढच्या पिढीत साधारण चारांतले एक रोप जनुकाविना येते आणि फवारणीत तणाबरोबर जळते. शिवाय एकाच औषधाच्या माऱ्याने तणही निबर होते: अमेरिकेत माठाच्या कुळातल्या एका तणाने २००५ पर्यंत ग्लायफोसेट पचवले होते.

हे बियाणे बिलाविना विकले जाते. ते उगवले नाही, तर भरपाई मागायला शेतकऱ्याच्या हाती कागद नसतो.