पागडी आणि भाडेपावती

मुंबईतील भाड्याच्या घराचे खरे मोल दरमहा भराव्या लागणाऱ्या भाड्यावरून कधीच कळत नाही. गिरगावातील एखाद्या जुन्या चाळीतील दोन खोल्यांचे भाडे तेथे राहणाऱ्या कुटुंबाच्या महिन्याच्या दुधाच्या खर्चाहूनही कमी असावे, आणि त्याच खोल्यांची भाडेपावती आपल्या नावावर करून घेण्यासाठी त्या कुटुंबाच्या आधीच्या पिढीने घरातले सोने सोनाराकडे गहाण टाकलेले असावे, ही विसंगती या शहराच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे कोणास नवल वाटेनासे झाले आहे. वस्तुतः तीत विसंगती नाहीच. मासिक भाडे आणि उंबरठा ओलांडण्यापूर्वी मोजावयाची एकरकमी रक्कम ही एकाच तागडीची दोन पारडी आहेत. एक दाबून खाली धरले की दुसरे वर चढणारच, मग दाबणारा हात सरकारचा असो की मालकाचा. दक्षिण आणि मध्य मुंबईतील पागडीचा इतिहास म्हणजे या दुसऱ्या पारड्याचा इतिहास होय.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारदेव, परळ, लालबाग या बाजूंस गिरण्यांची धुराडी उभी राहू लागली, आणि फणसवाडी, गायवाडी, मुगभाट अशी नावे मिरवणाऱ्या गिरगावातील बागाईत वाड्यांत कारकून, शिक्षक आणि छापखान्यांतील जुळारी यांच्यासाठी चाळी बांधल्या जाऊ लागल्या, त्या काळी खोली मिळण्यास पैशाहून ओळख अधिक लागे. कोकणातून किंवा घाटावरून आलेला एकटा गडी गाववाल्यांच्या खोलीत वळकटी टाकी, खाणावळीत जेवे आणि भाड्यातील आपला वाटा दरमहा देई. लालबाग-परळमध्ये एकेका गावच्या ग्रामस्थ मंडळाने वर्गणी काढून खोल्या धरल्या. धोबी तलावाच्या आसपास गोव्याच्या खलाशांनी आणि आचाऱ्यांनी गावोगावचे ‘कूड’ स्थापिले, आणि तेथील जेर महालासारख्या इमारतीत एकाच छपराखाली अशी अनेक गावे नांदली. या खोल्यांत व्यक्ती येत-जात राहिल्या, पण खोली गावाची राहिली. नव्याने येणाऱ्याची हमी त्याच्या गावाने द्यावी आणि तीच त्याची अनामत समजली जावी, अशी ही रीत होती. तिच्यात दाटी होती, अस्वच्छता होती, १८९६ च्या प्लेगने तिची भीषण किंमतही वसूल केली. परंतु घरात शिरण्यासाठी वेगळे द्रव्य मोजण्याचा प्रघात तिने सार्वत्रिक होऊ दिला नव्हता.

प्लेगच्या धक्क्याने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली; ट्रस्टने दाट वस्त्या पाडून रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या बाजूस नव्या वसाहती आखल्या आणि काही चाळी स्वतः बांधल्या. पण पाडलेल्या खोल्या आणि बांधलेल्या खोल्या यांचा मेळ बसेना, तोच पहिले महायुद्ध आले. बांधकाम थंडावले, माणसांचा ओघ मात्र थांबला नाही, भाडी भडकली, आणि १९१८ मध्ये सरकारला भाडेवाढीवर निर्बंध घालणारा युद्धकालीन कायदा करावा लागला. पाठोपाठ गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले, शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवून त्याच्या आधारे कामगारांसाठी घरे बांधण्याचा घाट घातला, आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे मिळून २०७ बीडीडी चाळी उभ्या राहिल्या. १६० चौरस फुटांच्या त्या काँक्रीटच्या खोल्यांपैकी कितीएक आरंभीची काही वर्षे भाडेकरूंवाचून ओस पडून राहिल्या, कारण सरकारने ठरविलेले भाडे गिरणी कामगारास परवडत नव्हते. जिथे खोली भाडेकरूची वाट पाहत असते तिथे प्रवेशाचे द्रव्य मागण्याची कोणाची प्राज्ञा होत नाही. पागडी ही मालकाच्या दुष्टाव्यापेक्षा टंचाईचे अपत्य आहे, हे समजण्यास बीडीडीचा हा आरंभकाळ पुरेसा आहे.

टंचाई पुरतेपणी आली ती दुसऱ्या महायुद्धाबरोबर. लोखंड व सिमेंट युद्धाच्या कामी वळविले गेले, कारखान्यांत तीन-तीन पाळ्या सुरू झाल्या, आणि त्यापाठोपाठ फाळणीने सिंध-पंजाबातील निर्वासितांचे लोंढे या बंदरात आणून सोडले. १९४१ च्या खानेसुमारीत मुंबई बेटाची लोकसंख्या सुमारे १५ लाख होती, ती १९५१ मध्ये २३ लाखांवर गेली. या काळात भाडेनियंत्रणाचे १९३९ आणि १९४४ चे कायदे झाले, आणि शेवटी ज्याला सारे मुंबईकर ‘रेंट ॲक्ट’ या दोन शब्दांनी ओळखतात तो १९४७ चा कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अंमलात आला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे असेल ते प्रमाणभूत भाडे समजावे. कर वगैरेंपुरती वाढ सोडता मालकाने त्याहून अधिक घेऊ नये. भाडे नियमित भरणाऱ्यास विनाकारण बाहेर काढू नये. आणि भाडेकरू वारल्यास त्याच्यासमवेत राहणाऱ्या कुटुंबीयास त्याचा हक्क मिळावा, असे त्याचे स्थूल स्वरूप होते. कायदा मुदतीचा होता, पण त्याची मुदत पुनःपुन्हा वाढवीत पन्नास वर्षे निभावली गेली.

कायद्याचे कर्ते भाबडे नव्हते. भाडे गोठविले की मालक दुसऱ्या वाटेने पैसा काढील हे त्यांनी ओळखले होते, म्हणूनच कलम १८ अन्वये प्रमाणभूत भाड्याव्यतिरिक्त मालकाने नजराणा, अनामत वा अन्य कोणतीही रक्कम घेणे हा गुन्हा ठरविण्यात आला, आणि कलम १९ अन्वये भाडेकरूनेही आपला ताबा सोडण्याबद्दल मोबदला घेणे निषिद्ध झाले. पुढे इमारत बांधण्यासाठी मालकास नोंदणीकृत कराराने दिलेले कर्ज तेवढे या निषेधातून वगळण्यात आले. परंतु शिक्षेच्या भयापेक्षा निवाऱ्याची गरज बलवत्तर असते. ज्या रकमेवर कायद्याने पूर्ण बंदी घातली तिच्यावरच शहरातील घरांची सारी देवघेव येऊन ठेपली.

त्या व्यवहाराची रीत मोठी ठरीव होती. खोली सोडू इच्छिणारा भाडेकरू ओळखीपाळखीतून गिऱ्हाईक शोधी, दलाल मध्ये पडे, आणि मालकाच्या मेहताजीच्या कानी गोष्ट घातली जाई. एकूण रक्कम ठरली म्हणजे तिच्यातील सुमारे तिसरा हिस्सा मालकाचा आणि बाकीचा जाणाऱ्या भाडेकरूचा, असा दंडक हळूहळू रूढ झाला. इमारत, वस्ती आणि मालकाचा स्वभाव पाहून तो थोडा खालीवर होई. रोकड मोजली जाई, जुन्या नावाची पावती बंद होई आणि मेहताजी नव्या नावाची पावती फाडी. त्या चिटोऱ्यावर महिन्याच्या भाड्याचे काही रुपये आणि आणे तेवढे लिहिलेले असत. दिलेल्या हजारो रुपयांचा त्यावर मागमूसही नसे. तरीही, आणि खरे पाहता त्यामुळेच, त्या पावतीस घरात दस्तऐवजाचे स्थान मिळाले. ट्रंकेच्या तळाशी कापडात बांधून ठेवलेली पावत्यांची चवड हीच कुटुंबाची मिळकत ठरली, वाटणीच्या भांडणात भावाभावांनी तिच्यावर हक्क सांगितला, आणि मुलीसाठी स्थळ पाहताना ‘जागा नावावर आहे का’ हा प्रश्न पगाराच्या आधी विचारला जाऊ लागला.

ज्या देण्याचा पुरावा ठेवणे हेच जोखमीचे, ते बिनबोभाट पार पडे ते परस्परांच्या अडचणीमुळे. मालक आणि जाणारा भाडेकरू दोघेही कायद्याच्या कचाट्यात सापडणारे असल्याने फिर्याद करणे कोणाच्याच सोयीचे नव्हते. येणाऱ्याला तर फिर्याद करून खोली गमवावयाची नव्हती. त्यातून चाळीत भिंतीलाही कान असल्यामुळे कोणी किती मोजले हे गॅलरीत सर्वांना ठाऊक असे, आणि शब्द फिरविणाऱ्याची अब्रू त्या गॅलरीतच जाई. जे व्यवहार बिनसले त्यांचे रूपांतर धोबी तलावाजवळच्या लघुवाद न्यायालयातील खटल्यांत झाले. तेथे वाद चाले तो थकलेल्या भाड्याचा, पोटभाडेकरूचा किंवा मालकाच्या निकडीच्या गरजेचा, आणि ज्या रकमेपायी मने कडवट झालेली असत तिचा उच्चार दोन्ही पक्ष सहसा टाळीत.

कायद्याच्या तटबंदीला जेथे जेथे फट सापडली तेथे तेथे नवी वहिवाट शिरली. पोटभाडेकरू ठेवण्यास मनाई असताना खोल्यांत पोटभाडेकरू भरलेच, तेव्हा २१ मे १९५९ पर्यंत ताब्यात असलेल्यांना संरक्षण द्यावे लागले. पुढे भाडे हा शब्दच टाळून ‘लिव्ह अँड लायसन्स’ या नावाखाली जागा देण्याची युक्ती निघाली. तेव्हा १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरू मानण्यात आले. कायद्याने भाडेकरूवर अशी दोनदा कृपा केली खरी, पण तिचा परिणाम असा झाला की ज्याच्याजवळ रिकामी जागा होती त्याने ती कुलूप लावून ठेवणे अधिक शहाणपणाचे मानले. भाड्याने देण्यासाठी इमारत बांधण्याचा धंदा मावळला, १९६३ मध्ये मालकी हक्काच्या सदनिकांसाठी वेगळा कायदा झाला, आणि दादर-माहीमच्या मध्यमवर्गाने भाडेपावतीऐवजी सहकारी सोसायटीच्या भागपत्राची आस धरली.

पागडीच्या घरांत राहणाऱ्यांवरील कायद्याची कृपाही अखेर इमारतींच्या जीर्ण लाकडी खांबांवर येऊन अडली. गोठविलेल्या भाड्यात दुरुस्ती होईना. आणि पागडीचा तिसरा हिस्सा घेणारा मालक, खोल्या वारंवार हस्तांतरित होत नसल्यास, इमारतीकडे फिरकेना. पावसाळ्यात चाळी कोसळून माणसे दगावू लागली तेव्हा १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करून उपकर बसविण्यात आला, आणि नंतर हे काम म्हाडाकडे गेले. १९८६ च्या दुरुस्तीने एक विलक्षण तरतूद केली: सत्तर टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून अर्ज केल्यास अशी उपकरप्राप्त इमारत सरकारने संपादन करून त्यांच्या स्वाधीन करावी आणि मालकास मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम द्यावी. ज्या भाड्यास सारे शहर नाममात्र समजत होते त्याचीच शंभरपट मोजणी मालकाच्या वाट्यास आली. मालकांच्या संघटनेने त्याविरुद्ध दिलेला लढा सर्वोच्च न्यायालयात कित्येक वर्षे चालला, आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, प्रत्येक खासगी मिळकत ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येत नाही, असा बहुमताने निर्णय दिला.

दरम्यान गिरणगावाचे दिवस फिरले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ज्यांची गिरणी सुटली त्यांच्यापैकी अनेकांपाशी विकण्याजोगे एकच काही उरले होते, आणि ते म्हणजे नावावरची खोली. बापाने भविष्यनिर्वाह निधीतून किंवा हातउसने करून भरलेल्या पागडीचा मोठा हिस्सा मुलाने परत उचलला आणि डोंबिवली, विरार वा कोकणातील घराची वाट धरली. बेकायदा म्हणून हिणविलेल्या त्या रकमेने कामगाराच्या पदरी सरकारी योजनांहून अधिक ठोस असे काही टाकले होते, ही गोष्ट कायद्याच्या पंडितांनी लक्षात घेतली पाहिजे. मात्र ज्याला पागडी भरताच आली नाही तो नवागत त्याच शहरात झोपडपट्टीकडे ढकलला गेला, हेही तितकेच खरे.

१९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने १९४० ची भाडी गोठविणाऱ्या तरतुदी कालौघात अवाजवी ठरल्याचे सांगितले. कायद्याची मुदत संपत आली असल्याने त्या रद्द मात्र केल्या नाहीत. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० रोजी अंमलात आला. त्याने दरसाल चार टक्के भाडेवाढीस मुभा दिली, आणि कलम ५६ अन्वये मालकाने नजराणा वा अनामत घेणे व भाडेकरूने ताबा सोडताना मोबदला घेणे कायदेशीर ठरविले. पन्नास वर्षे जे अंधारात चालले होते त्यावर असा राजमान्यतेचा शिक्का बसला. हिश्श्याची टक्केवारी मात्र विधिमंडळाने ठरविली नाही, ती वहिवाटीकडेच राहिली.

आजचा तरुण भाडेकरू पागडीच्या वाटेस जात नाही. तो अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार करतो, दलालाला एका-दोन महिन्यांच्या भाड्याइतकी दलाली देतो आणि काही महिन्यांच्या भाड्याएवढे डिपॉझिट मालकापाशी ठेवतो. क्वचित ‘हेवी डिपॉझिट’ देऊन भाडे जवळजवळ शून्यावर आणतो, आणि तेथे तागडीचा जुना नियम नव्या रूपाने अनुभवतो. मुद्रांक शुल्क आकारताना सरकारही परत मिळणाऱ्या अनामतीवर दरसाल दहा टक्के व्याज धरून ते भाड्यात मिळविते, म्हणजे अनामत हे लपलेले भाडेच आहे हे तत्त्व ते हिशेबापुरते मान्य करते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित करावी असे सुचविले आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा कायदा मात्र अशी कमाल मर्यादा घालीत नाही.

पागडी आणि डिपॉझिट यांत मोठा भेद आहे, आणि मर्यादेची चर्चा करणाऱ्यांनी तो नजरेआड करू नये. डिपॉझिट परत मिळते, पण ते देणाऱ्यास अकरा महिन्यांपलीकडे कसलाही हक्क देत नाही. पागडी मालकाकडून परत मिळत नसे, पण तिने भाडेकरूस पिढ्यान्‌पिढ्यांचे स्थैर्य दिले. पहिल्यात पैसा सुरक्षित आणि माणूस अस्थिर, दुसऱ्यात माणूस स्थिर आणि पैसा निराधार. टंचाई तशीच ठेवून यांपैकी कोणत्याही रकमेवर नुसती बंदी घातली तर ती रक्कम नाहीशी होत नाही, नाव पालटून दुसऱ्या दाराने येते आणि येताना पुराव्यावाचून येते, ही १९४७ ची शिकवण आहे. म्हणून अनामतीची मर्यादा घालावयाची तर अवश्य घालावी. परंतु प्रत्येक पैशाची लेखी पावती, ठरल्या मुदतीत परतावा आणि परवडणाऱ्या भाड्याची पुरेशी नवी घरे या तिन्ही गोष्टींची जबाबदारी त्याच हाताने पत्करावी, नाहीतर गिरगाव-लालबागच्या मेहताज्यांनी पन्नास वर्षे चालविलेला तो बिनकागदी कारभार नव्या इमारतींतही सुखेनैव चालू राहील.