जुनी ऑक्टाव्हिया आरएस घ्यायची आहे? आधी मोबाईलवर गाडी कशी तपासायची ते बघा

रील्स बघताना 'तीन लाखांत टर्बो कार' अशी जाहिरात तुमच्याही समोर आली असेल. दोन-अडीच आयफोनच्या पैशांत १५० पीएसची गाडी! माझ्याकडे २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. मी मूळचा पैठणचा, नोकरी पुण्यात, सॉफ्टवेअरमध्ये. त्यामुळे गावातली, कंपनीतली पोरं विचारत असतात, 'दादा, घेऊ का?' सगळ्यांना एकेक करून फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो.

सुरुवातीलाच एक गोष्ट. 'मॉडर्न क्लासिक' हा शब्द शौकिनांचा आहे, आरटीओचा नाही. साधारण १५ ते ३० वर्षं जुनी, चालवायला मजा येणारी आणि आता बंद झालेली गाडी म्हणजे मॉडर्न क्लासिक, इतकाच त्याचा अर्थ. आपल्या कायद्यात व्हिंटेज गाडी म्हणजे ५० वर्षांपेक्षा जुनी, आणि तिला 'व्हीए' असलेला वेगळा नंबर मिळतो. २००५ ची गाडी सरकारच्या दृष्टीने फक्त जुनी गाडी आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा अर्धा खर्च इथूनच सुरू होतो.

दोन दारांची खरी स्पोर्ट्स कार आपल्याकडे फारशी बनलीच नाही. १९९८ मध्ये सॅन स्टॉर्म नावाची फायबर बॉडीची टू-सीटर आली होती, पण तिचे बॉडी पार्ट शोधणं म्हणजे पुरातत्त्व खात्याचं काम. म्हणून भारतात या शौकाची सुरुवात बहुतेक वेळा चार दारांच्या वेगवान गाडीपासून होते.

ही गाडी आपल्या जिल्ह्याची का

स्कोडाने भारतात २००१ मध्ये कामाला सुरुवात केली ती आपल्या शेंद्रा एमआयडीसीत, आणि तिथे जुळणी झालेली पहिली गाडी ऑक्टाव्हिया. पैठणहून संभाजीनगर ५० किलोमीटरच्या आसपास, शेंद्रा त्याच्या थोडं पुढे. त्यामुळे हे इंजिन खोलून बघितलेले फिटर अजून आपल्या भागात सापडतात. जुन्या गाडीसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. गाडी निवडण्याआधी फिटर निवडा, असं मी कुणालाही सांगेन.

आरएस २००४ मध्ये आली. १७८१ सीसी, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह म्हणजे एकूण २०, टर्बो, आणि पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. युरोपात याच नावाच्या गाडीला १८० पीएस होते, आपल्याला १५० मिळाले. १.८ टर्बोचं हेच कुटुंब ऑडी टीटी, ऑडी ए३ आणि चौथ्या पिढीच्या गोल्फमध्येही होतं. त्याचा फायदा पार्ट शोधताना कळतो, पुढे सांगतो.

मोबाईल आणि स्कॅनर

पैठणी घ्यायला गेलं की जाणकार बाई पदर उलटा करून बघते. हातमागाची असेल तर मागची बाजूही पुढच्यासारखीच साफ दिसते. गाडीचं तसंच. बोनेटवरचं पॉलिश कुणीही मारून देतं, बघायची ती मागची बाजू. आपल्यासाठी ती स्टिअरिंगच्या खाली असलेल्या १६ पिनच्या सॉकेटमध्ये असते. त्याला ओबीडी पोर्ट म्हणतात.

या पोर्टला ईएलएम३२७ नावाचा छोटा अडॅप्टर लावायचा आणि ब्लूटूथने मोबाईल जोडायचा. आयफोनवाल्यांनी वायफाय किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा अडॅप्टर घ्यावा, साधा ब्लूटूथ अडॅप्टर आयफोनवरच्या अ‍ॅपशी बोलत नाही. आता या गाडीची गंमत बघा. आजच्या गाड्या स्कॅनरशी कॅन बसवरून बोलतात, सेकंदाला ५ लाख बिटच्या वेगाने. ही बोलते के-लाइन नावाच्या एकाच वायरवरून, सेकंदाला साधारण १० हजार बिट. म्हणजे फोर-जी आणि जुन्या डायल-अप मोडेमइतका फरक. अ‍ॅपमधला काटा अडखळत फिरला तर गाडीला दोष देऊ नका. शिवाय काही स्वस्त नकली अडॅप्टरमध्ये जुने प्रोटोकॉल धड चालतच नाहीत. मोबाईल कनेक्ट होत नाही म्हणजे ईसीयू गेला, असं लगेच समजायचं नाही.

बहुतेक जण फॉल्ट कोड वाचतात, शून्य दिसले की खूश होतात. इथेच फसगत होते. विकणारा सकाळी स्कॅनरने कोड पुसून ठेवू शकतो, दोन मिनिटांचं काम आहे. म्हणून अ‍ॅपमध्ये 'रेडिनेस मॉनिटर' हा भाग उघडा. ईसीयू कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर वगैरेंची चाचणी गाडी चालताना आपोआप करत असतो. कोड पुसले की या चाचण्याही शून्यावर जातात आणि पुन्हा पूर्ण व्हायला बऱ्यापैकी ड्रायव्हिंग लागतं. रोज चालणाऱ्या गाडीत अर्धे मॉनिटर 'अपूर्ण' दिसत असतील तर एकच प्रश्न विचारा: बॅटरी कधी काढली होती, की कोड कधी पुसले? आणि उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघा.

एबीएस, एअरबॅग, चावीचा इमोबिलायझर हे मात्र साध्या अ‍ॅपला दिसत नाहीत. त्यासाठी या ग्रुपच्या गाड्यांचं व्हीसीडीएस नावाचं सॉफ्टवेअर लागतं, केबल आणि लॅपटॉपसह. ते असलेला माणूस सोबत न्या. चाव्या दोन आहेत का तेही विचारा. नवी चावी कोड करायला इमोबिलायझरचा पिन लागतो, आणि एकच चावी असलेली गाडी घेणं म्हणजे बॅकअप नसलेला सर्व्हर चालवणं.

मीटर मागे फिरवला आहे का, हे स्कॅनर सांगेलच असं नाही. या पिढीत किलोमीटरचा आकडा मीटरच्याच मेमरीत असतो, ताडून बघायला दुसरी जागा नाही. तिथे सर्व्हिसची बिलं, पेडलचं रबर आणि स्टिअरिंगचं झिजलेलं लेदर हाच पुरावा.

या इंजिनाचे ठरलेले आजार

टायमिंग बेल्ट. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका. या इंजिनात बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, आणि मग हेड उतरवायचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरा. बदलताना टेन्शनर आणि वॉटर पंपही सोबतच टाका, कारण तिथपर्यंत पोहोचायची मजुरी एकदाच द्यावी लागते.

इग्निशन कॉइल जाणं हा दुसरा नेहमीचा प्रकार. गाडी थरथरते, पिकअप जातो आणि पी०३०१ ते पी०३०४ यातला एखादा कोड येतो. शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. आता डिबगिंग करा: दोन नंबरवर कोड असेल तर तिथली कॉइल तीन नंबरवर लावा आणि गाडी चालवून पुन्हा स्कॅन करा. कोड पी०३०३ झाला म्हणजे दोष कॉइलचाच. कोड जागचा हलला नाही तर प्लग किंवा इंजेक्टर बघायचा. दहा मिनिटांची टेस्ट आहे, आणि चारही कॉइल उगाच बदलायचे पैसे वाचतात.

आपल्या उन्हाळ्यात कूलंटचे प्लॅस्टिकचे जोड तडकतात. कंपनीचा कूलंट गुलाबी असतो, त्यात बाजारातला हिरवा मिसळू नका. ऑइल व्हीडब्ल्यू ५०२.०० दर्जाचंच, टर्बोचं आयुष्य त्यावरच आहे. खिडक्यांच्या काचा दारात पडणं हे तर या पिढीचं कुळाचारासारखं झालंय, काच उचलणारी प्लॅस्टिकची क्लिप तुटते. त्याला घाबरू नका.

ई-२० पेट्रोलबद्दल खूप विचारतात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं उतरणार. मला त्याहून काळजी जुन्या रबरी होजची आणि उभ्या गाडीची वाटते, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. फ्युएल होज नवे टाकून घ्या, आणि टाकी महिनोन्‌महिने तशीच भरून ठेवू नका.

कागदपत्रं

एमपरिवहन अ‍ॅपमध्ये नंबर टाकला की नोंदणी कुठवर वैध आहे, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा हे सगळं दिसतं. बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकन देऊ नका. थकलेली चलनं महाट्रॅफिक अ‍ॅपवर बघा. नावावर करताना फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि आपल्याकडचा रोड टॅक्स वेगळा. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात त्या तिथल्या जुन्या गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे. टॅक्स धरून हिशेब करा, मग स्वस्त म्हणा.

१५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी री-पासिंग. २०२२ पासून त्याची फी कारला ५,००० रुपये होती. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपेक्षा जुन्या कारला ती १०,००० झाली. पर्यावरण कर आणि एचएसआरपी प्लेट वेगळी. २००५ च्या गाडीला हे सगळं एकदमच लागतं, त्यामुळे पासिंग संपत आलेली गाडी असेल तर भावातून तेवढे वजा करा. रीमॅप करून ताकद वाढवायचा मोह होईल, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत आणि क्लेमच्या वेळी विमा कंपनी नेमकं तेच शोधते. विम्यात ५ वर्षांपुढच्या गाडीची किंमत दोघांच्या संमतीने ठरते, तेव्हा पार्टची बिलं दाखवून भाव वाढवून मागा.

माझा हिशेब सांगतो. गाडी सव्वातीन लाखांना घेतली, पहिल्या वर्षात बेल्ट, सस्पेन्शन, टायर, होज मिळून एक लाख चाळीस हजार गेले, आणि हे पैसे मी आधीच बाजूला काढलेले होते. हप्त्यावर घेऊन, खिसा रिकामा करून ही गाडी घ्यायची नाही, या मताशी मी ठाम आहे. पहिल्या पगाराची एकुलती एक गाडी म्हणून तर नाहीच. घरी एखादी रोजची दुचाकी तरी हवी.

पार्ट मागताना नाव नव्हे, नंबर सांगा. ०६ए ने सुरू होणारा नंबर इंजिनाचा आणि इतर अनेक गाड्यांत चालणारा. १जे म्हणजे चौथ्या पिढीच्या गोल्फपासून आलेला. १यू म्हणजे खास ऑक्टाव्हियाचा. सगळ्यात जास्त वणवण १यू साठी होते, म्हणून दिवे, बंपर आणि डॅशबोर्ड धड असलेली गाडी घ्या, इंजिन एक वेळ दुरुस्त होईल.

आणि माझ्यासारखी गाडी गावी ठेवून तुम्ही बाहेर राहत असाल तर जाताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. परत जोडल्यावर कंपनीचा रेडिओ चार आकडी कोड मागू शकतो. तो व्यवहाराच्या वेळीच जुन्या मालकाकडून लिहून घ्या आणि गाडीत नाही, घरी ठेवा.