फोन टॅपिंग आणि खासगीपणाचा हक्क

फोन टॅपिंग : दोन व्यक्तींमधील दूरध्वनी-संभाषण किंवा संदेश त्यांच्या नकळत सरकारी यंत्रणेने ऐकणे अथवा नोंदवून घेणे. कोणी, कोणाला, केव्हा, किती वेळ आणि कोणत्या टॉवरच्या हद्दीतून फोन केला, हा तपशील (सीडीआर) मिळवणे ही याहून वेगळी बाब आहे. टॅपिंगसाठी गृहसचिवांचा आदेश लागतो. सीडीआर तपास अधिकारी कंपनीकडून लेखी मागणी करून मिळवतात. मात्र काही महिन्यांच्या सीडीआरवरून माणसाची दिनचर्या, आजारपण, नातीगोती आणि राजकीय संबंध यांचा माग काढता येतो. त्यामुळे खासगीपणाला धोका दोहोंपासून आहे.

कायद्याचा आधार : भारतात टॅपिंगचा अधिकार दीर्घकाळ ब्रिटिशकालीन भारतीय तार अधिनियम, १८८५ मधील कलम ५(२) वर उभा होता. आता त्याची जागा दूरसंचार अधिनियम, २०२३ मधील कलम २० ने घेतली आहे. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही पहिली अट; त्याशिवाय देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याच्या चिथावणीस प्रतिबंध यांपैकी एखादे कारण असावे लागते. संगणक व इंटरनेटवरील माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६९ लागू होते. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने त्याखाली दहा यंत्रणांना अधिकार दिले.

गरज : टॅपिंगची उपयुक्तता नाकारता येत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी दहशतवादी ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसमधून पाकिस्तानातील सूत्रधारांशी फोनवर बोलत होते व पुढे काय करायचे याच्या सूचना घेत होते. ही संभाषणे हल्ला चालू असतानाच टिपली गेली. कट सीमेपलीकडून चालवला जात होता, हे दाखवणारा तो ठळक पुरावा ठरला. या हल्ल्यातील दहशतवादी कसाब याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिलेल्या निकालपत्रात त्यांतील उतारे समाविष्ट आहेत.

न्यायालयांची भूमिका : राजकीय नेत्यांच्या फोन टॅपिंगविषयीच्या सीबीआय अहवालाची माहिती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १८ डिसेंबर १९९६ रोजी न्या. कुलदीप सिंग व न्या. सगीर अहमद यांनी फोनवरील संभाषण हा खासगीपणाचा भाग मानला. टॅपिंगची आधी न्यायालयीन छाननी व्हावी, ही मागणी मात्र मान्य झाली नाही. त्याऐवजी खंडपीठाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि पुढे ती तार नियमांतील नियम ४१९-अ मध्ये आली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने ठरवले. त्यानंतर प्रत्येक पाळतीला कायद्याचा आधार, वैध हेतू आणि प्रमाणबद्धता या कसोट्या लागू झाल्या.

कार्यपद्धती : आदेश केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांनी लेखी व सकारण द्यावा लागतो. त्याची मुदत ६० दिवसांची असते. वाढवली तरी एकूण १८० दिवसांपलीकडे जाता येत नाही. तातडीच्या प्रसंगी ठरावीक वरिष्ठ अधिकारी टॅपिंग सुरू करू शकतात. मात्र तीन कामकाजी दिवसांत गृहसचिवांना कळवून सात कामकाजी दिवसांत मंजुरी घ्यावी लागते. डिसेंबर २०२४ च्या नव्या नियमांनुसार मंजुरी न मिळाल्यास टिपलेला मजकूर न्यायालयात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. आदेश योग्य आहेत का, हे पुनर्विलोकन समिती पाहते. केंद्रात तिचे अध्यक्ष मंत्रिमंडळ सचिव, तर राज्यात मुख्य सचिव असतात.

महाराष्ट्र : संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या मोक्का कायद्यात टॅपिंगची स्वतंत्र तरतूद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती वैध मानली. या कायद्याखाली टॅपिंगचा पुरावा वापरायचा असेल, तर आदेशाची प्रत खटल्याच्या किमान दहा दिवस आधी आरोपीला द्यावी लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या प्रकरणातील तीन टॅपिंग आदेश रद्द केले आणि टिपलेला मजकूर नष्ट करण्यास सांगितले. लाचेचा संशय म्हणजे सार्वजनिक सुरक्षिततेला धोका नव्हे, हा त्या निकालाचा गाभा. कर्तव्यदक्ष पोलिसांनाही तो अडचणीचा वाटू शकतो, पण कायद्याची अट शब्दशः पाळायला लावणारा असा दुसरा निकाल विरळा.

त्रुटी : नियम कागदावर काटेकोर आहेत; दोष रचनेत आहे. आदेश देणारे सचिव आणि तो तपासणारेही सचिवच. न्यायाधीश कुठेच नाही, विरोधी पक्षाचा प्रतिनिधीही नाही. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात नमूद केले आहे, की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या केंद्रीय समितीसमोर प्रत्येक बैठकीत १५ ते १८ हजार आदेश असतात. एवढे आदेश एका बैठकीत वाचणेही अशक्य, तपासणे दूरच. शिवाय ज्याचा फोन ऐकला, त्याला ते पुढेही कळवले जात नाही. जे कळतच नाही त्याविरुद्ध दाद मागणार कशी? पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरच्या चौकशीतही हाच अनुभव आला. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नेमलेल्या समितीने २९ फोन तपासले. त्यांपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगॅससच होते असा निष्कर्ष निघाला नाही. केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, असे समितीने कळवल्याचे सरन्यायाधीशांनी २०२२ मध्ये खुल्या न्यायालयात सांगितले.

इतर देश : अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने परकीय हेरगिरीच्या टेहळणीसाठी विशेष न्यायालय स्थापन झाले. तरीही २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने उघड केलेल्या कागदपत्रांवरून कोट्यवधी नागरिकांचे फोन-तपशील सरसकट गोळा होत असल्याचे समोर आले आणि २०१५ मध्ये कायदा बदलून ही पद्धत थांबवावी लागली. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्यानुसार मंत्र्याच्या आदेशाला न्यायिक आयुक्ताची मान्यता लागते.

मूल्यमापन : सुरक्षा आणि खासगीपणा यांपैकी एकाचीच निवड करण्याची वेळ क्वचितच येते. बहुतेक वेळा प्रश्न एवढाच असतो, की परवानगी कोणी द्यावी आणि तिचा हिशेब कोणी घ्यावा. खऱ्या दहशतवाद्याचा फोन ऐकण्याची परवानगी न्यायाधीशाकडून मिळवणे अवघड नाही. अवघड जाते ते पत्रकाराचा किंवा राजकीय विरोधकाचा फोन ऐकण्याचे कारण न्यायाधीशापुढे मांडणे. म्हणून आदेशाला न्यायिक मान्यता, टॅपिंग संपल्यावर संबंधिताला सूचना आणि एकूण आदेशांची आकडेवारी दरवर्षी संसदेपुढे, या तीन सुधारणा भारतीय कायद्यात व्हायलाच हव्यात.