घरझडतीचे पंच

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी वैशाली नगरातल्या आमच्या गल्लीत पोलिसांची जीप थांबली. मी कुंड्यांना पाणी घालत होतो. हवालदार फाटकाशी आला आणि म्हणाला, "सर, पाँच मिनट गवाह बनेंगे?" समोरच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या मुलाच्या खोलीची झडती घ्यायची होती. चोरीच्या मोबाईलचं प्रकरण होतं. मी फौजी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. रविवारी घरी सापडलेला शेजारी, एवढीच माझी पात्रता. दुसरा पंच कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. पाच मिनिटांचे दोन तास झाले, पण त्या दोन तासांनी मला वीस वर्षांपूर्वीची एक रात्र आठवून दिली. ती पुढे सांगतो.

आधी हे पंच आले कुठून ते पाहू. 1898च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 103 वं कलम होतं. झडतीपूर्वी पोलिसाने त्या वस्तीतले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवासी बोलवावेत, त्यांच्यासमोर झडती घ्यावी, सापडलेल्या वस्तूंची यादी करावी, त्यावर त्यांच्या सह्या घ्याव्यात. गंमत म्हणजे 'पंचनामा' हा शब्द संहितेत नाही. तो आपल्या गावपंचायतीतून कचेरीत शिरला आणि तिथेच राहिला.

कारण उघड होतं. इंग्रजांचा स्वतःच्याच पोलिसांवर भरवसा नव्हता. पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हा 1872च्या पुरावा कायद्यातला नियम त्याच अविश्वासातून आलेला. 1902 साली नेमलेल्या पोलीस आयोगाचे अध्यक्ष अँड्र्यू फ्रेझर त्याआधी मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते, म्हणजे नागपूरला बसून आजच्या या छत्तीसगडचाही कारभार पाहत होते. त्यांच्या आयोगाने पोलिसांना भ्रष्ट आणि जुलमी ठरवलं. गोऱ्या साहेबाने आपल्याच खात्याबद्दल इतकं लिहावं, हे मला अजूनही नवल वाटतं.

स्वातंत्र्यानंतर हा अविश्वास घटनेत उतरायला हवा होता. जवळजवळ उतरलाच होता. भिलई तेव्हा दुर्ग जिल्ह्यातलं एक खेडं, प्रांत मध्यप्रांत-वऱ्हाड, राजधानी नागपूर. याच प्रांताचे एक सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी डिसेंबर 1948मध्ये संविधान सभेत एक दुरुस्ती मांडली: माणसाचं शरीर, घर, कागदपत्रं आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती वा जप्ती होऊ नये, आणि सबळ कारण शपथेवर सांगितल्याशिवाय वॉरंट निघू नये. अमेरिकेच्या 1791च्या चौथ्या घटनादुरुस्तीचाच हा मसुदा.

बाबासाहेब आंबेडकरांनी ती मान्य केली. त्यांचा मुद्दा वकिली होता. हे सगळं फौजदारी संहितेत आहेच, नवीन काही नाही. पण उद्याचं विधिमंडळ संहिता बदलू शकतं, म्हणून ही तरतूद विधिमंडळाच्या हाताबाहेर, घटनेत ठेवणं बरं. मसुदा समितीचे अध्यक्ष 'हो' म्हणतात, म्हणजे काम झालं असं कुणालाही वाटेल. पण मतदानाच्या वेळी गोंधळ झाला, नेहरूंच्या सूचनेवरून निर्णय पुढे ढकलला गेला आणि काही दिवसांनी सभेने दुरुस्ती फेटाळली.

त्याची किंमत 1954मध्ये कळली. एम. पी. शर्मा खटल्यात दालमिया समूहाच्या कंपन्यांवरच्या झडत्यांना आव्हान होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी सांगितलं की घटनाकारांनी चौथ्या दुरुस्तीसारखा हक्क दिलेला नाही, तो आम्ही ओढूनताणून आणणार नाही. पुढे 24 ऑगस्ट 2017ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तोपर्यंत त्रेसष्ट वर्षं घराच्या दारात घटनेचं असं पहारेकरी कलम नव्हतं. दारात उभे होते ते दोन पंच. 1973च्या नव्या संहितेत त्यांच्यामागे 'स्वतंत्र' हे विशेषण लागलं आणि त्या वस्तीत कुणी मिळालं नाही किंवा तयार झालं नाही, तर दुसऱ्या वस्तीतले चालतील अशी सवलतही आली. या सवलतीमुळे ठाण्याबाहेरचा चहावाला आयुष्यभर पंच होऊ लागला, असं एक जुने वकील मला म्हणाले होते.

आता ती रात्र. मी तेव्हा कॅप्टन, ईशान्येत. 1958च्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याचं चौथं कलम आम्हाला वॉरंटशिवाय घरात शिरायचा अधिकार देतं. पण नोव्हेंबर 1997मध्ये हा कायदा वैध ठरवतानाच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की अशा झडतीतही फौजदारी संहितेचे झडती-जप्तीचे नियम पाळायचे. म्हणजे पंच आम्हालाही लागू. आम्ही ते पाळले, आमच्या पद्धतीने. गावबुढ्याला झोपेतून उठवून आणलं. 'कोणतंही नुकसान झालं नाही' असा छापील कागद माझ्या खिशात तयारच होता. हत्यार सापडलं नाही. भाताची कणगी मात्र आडवी झाली, भात चिखलात गेला. कागद मी पुढे केला, म्हाताऱ्याने कणगीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि सही केली. प्रत कुणालाच दिली नाही. द्यायची असते, हे मला पाठ होतं. अकादमीत त्या विषयात मार्कही बरे होते.

वैशाली नगरातल्या त्या खोलीत हवालदाराने आधी स्वतःचे खिसे उलटे करून आम्हा दोघांना दाखवले. 1 जुलै 2024पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 105व्या कलमाने झडतीचं चित्रीकरण सक्तीचं झालं आहे. एक शिपाई मोबाईल धरून उभा होता, हात दुखला की हात बदलत होता. दोन फोन सापडले. यादी लिहायला सगळ्यात जास्त वेळ गेला, कारण आयएमईआयचा प्रत्येक आकडा इस्त्रीवाला मोठ्याने वाचत होता आणि चुकला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. कुणी त्याला घाई केली नाही.

आम्ही सह्या केल्या. हवालदाराने प्रत त्या मुलाला दिली. मुलाने ती घडी घालून खिशात ठेवली, मग बाहेर काढून पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.