जुना लॅपटॉप सुरू होताना का रखडतो?

लॅपटॉप सुरू करून चहा टाकावा, तो पिऊन व्हावा, तरी पडद्यावरचे वर्तुळ फिरतच असावे, हा अनुभव पाच-सात वर्षे जुना लॅपटॉप वापरणाऱ्या अनेकांना येतो. यंत्र म्हातारे झाले, असे म्हणून नवे घेण्याचा सल्लाही लगेच मिळतो. मात्र बऱ्याचदा दोष यंत्राचा नसून पडद्यामागे आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅम्सचा असतो.

अनेक सॉफ्टवेअर बसवतानाच स्वतःचे नाव 'स्टार्टअप'च्या यादीत घालून ठेवतात. प्रिंटरचा साहाय्यक प्रोग्रॅम, गाण्यांचा प्लेअर, नव्या आवृत्तीचा शोध घेणारी साधने हे सारे एकाच वेळी डिस्ककडे धाव घेतात. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कचे हेड मात्र एका वेळी एकाच जागी पोहोचू शकते. विखुरलेली माहिती वाचायची तर सेकंदाला जेमतेम शंभराच्या आसपास फेऱ्या होतात. बाकीच्यांना रांगेत थांबावे लागते.

२०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ही यादी टास्क मॅनेजरमध्ये दिसते. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबाव्यात व 'स्टार्टअप' विभाग उघडावा. विंडोज ७ मध्ये त्यासाठी 'एमएसकॉन्फिग' आहे. एक सेकंदाहून अधिक प्रोसेसरचा वेळ किंवा ३ एमबीहून अधिक डिस्कवापर असलेल्या प्रोग्रॅमपुढे टास्क मॅनेजर 'हाय' असा शेरा दाखवतो. नको असलेला प्रोग्रॅम 'डिसेबल' केल्यास तो पुसला जात नाही, फक्त आपोआप सुरू होत नाही. अँटिव्हायरस, टचपॅड आणि आवाजाशी संबंधित नोंदींना हात लावू नये. वेग वाढवून देण्याचे आश्वासन देणारी फुकट सॉफ्टवेअर तर टाळावीतच. ती स्वतःच या यादीत ठाण मांडून बसतात.

आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर 'शट डाउन' केल्यावरही विंडोजचा गाभा पूर्णपणे बंद होत नाही; त्याची स्थिती डिस्कवर साठवली जाते. त्यामुळे एखादा बिघाड दिवसेंदिवस तसाच राहू शकतो. 'रीस्टार्ट' केल्यास मात्र सर्व काही नव्याने सुरू होते.

यादी छाटूनही अर्धा तास डिस्कचा वापर १०० टक्क्यांवरून खाली येत नसेल आणि आतून टकटक आवाज येत असेल, तर प्रश्न वेगाचा उरत नाही. डिस्क निकामी होत असण्याची शक्यता असते. अशा डिस्कवर डिफ्रॅगसारखे श्रमाचे काम मुळीच लावू नये. घरातील छायाचित्रे, मुलांचे प्रकल्प, हिशेबाच्या फायली आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि मगच लॅपटॉप दुरुस्तीला द्यावा. त्या वेळी हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवून घेतल्यास, फिरणारा भागच नसल्याने, सुरू होण्याचा वेळ बराच कमी होतो.