टेबलावर किती मावते?

मार्चअखेर असो की पटसंख्या कळवण्याचा शेवटचा दिवस, शाळेची माहिती संगणकावर भरायला बसलेल्या शिक्षकांना 'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द तोंडपाठ झालेले असतात. गर्दी कमी असेल या आशेने पहाटे उठून माहिती भरणारे मुख्याध्यापकही आपल्या ओळखीचे आहेत. या खोळंब्याची कारणे अनेक असतात. गावातली इंटरनेटची जोडणीही त्यात आली. पण त्यातले एक कारण संगणकाइतकेच जुने आहे. ते म्हणजे स्मृतीची मर्यादा. तिची कथा मुंबईत, कुलाब्यापासून सुरू करता येते.

त्याआधी 'स्मृती' या शब्दाचा घोळ निस्तरू. शाळेच्या कार्यालयात जनरल रजिस्टरचे जाडजूड खंड कपाटात असतात. माजी विद्यार्थी दाखल्याची दुसरी प्रत मागायला आला की कारकून त्या वर्षाचा खंड काढून टेबलावर ठेवतात. टेबल मोठे असेल, तर नेहमी लागणारे चार-पाच खंड तिथेच राहू शकतात. लहान असेल, तर एक कपाटात ठेवल्याशिवाय दुसरा काढता येत नाही. संगणकाची डिस्क म्हणजे हे कपाट, आणि जिला सगळे रॅम म्हणतात ती स्मृती म्हणजे टेबल. माहितीचा साठा सांभाळणारा सर्व्हर दिवसभर दुसरे काय करतो? कपाटातून काढायचे, टेबलावर ठेवायचे आणि मागणाऱ्याला द्यायचे. फरक आहे तो वेळेचा. स्मृतीतली नोंद मिळायला साधारण सेकंदाचा एक कोटीवा भाग लागतो, तर फिरत्या डिस्कवरची मिळायला सेकंदाचा शंभरावा. म्हणजे लाखपट. टेबलावरचा खंड उघडायला कारकुनाला एक सेकंद लागत असेल, तर कपाटापर्यंतची फेरी पावणेअठ्ठावीस तासांची झाली!

आता कुलाब्याकडे वळू. डॉ. होमी भाभांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५०च्या दशकाच्या मध्यावर काही तरुण स्वतःच संगणक बांधायला बसले. डॉ. आर. नरसिंहन हे त्यांचे प्रमुख. आधी एक छोटे प्रायोगिक यंत्र झाले आणि मग पूर्ण आकाराचे यंत्र १९६० साली कामाला लागले. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या आणि स्मृती २,०४८ शब्दांची होती. 'शब्द' म्हणजे इथे ४० द्विमान अंकांचा गट, ज्यात प्रत्येक अंक ० किंवा १ असतो. २,०४८ ला ४० ने गुणले की ८१,९२० अंक होतात. आजच्या भाषेत १० किलोबाइट. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. त्या हिशेबाने हा लेखसुद्धा टिफ्रॅकच्या स्मृतीत पुरता मावला नसता. जेमतेम निम्मा मावला असता.

हे अंक साठवायचे कशात? त्या काळात पाऱ्याच्या नळ्या, कॅथोड किरण नलिका असे नाना प्रकार चालत. टिफ्रॅकच्या मंडळींनी फेराइटच्या कड्या निवडल्या. अमेरिकेत ही पद्धत १९५३ च्या सुमारास प्रत्यक्ष यंत्रात आली होती. म्हणजे आपल्याकडचा निर्णय चांगलाच धाडसी होता. मंगळसूत्रातल्या काळ्या मण्याएवढी एकेक कडी आणि ती आडव्या व उभ्या तारांच्या जाळीत ओवलेली. कडी एका दिशेने चुंबकित झाली तर ०, उलट दिशेने झाली तर १. तारेतून वीज गेली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होते, हे आपण नववी-दहावीत शिकवतोच. खुबी अशी की एका आडव्या व एका उभ्या तारेतून निम्मीनिम्मी वीज सोडायची. दोन्ही तारा जिथे छेदतात तिथल्याच कडीला पुरे बळ मिळते आणि तेवढी एकच कडी पालटते. ६४ उभ्या आणि ३२ आडव्या तारा असल्या, तर अवघ्या ९६ तारांनी २,०४८ कड्यांतली हवी ती गाठता येते. वर्गात हे चौकटीच्या कागदावर सहज दाखवता येईल. या कडीचा एक विचित्र स्वभाव मात्र सांगायला हवा. तिच्यातला अंक वाचला की तो पुसला जातो. त्यामुळे वाचून झाल्यावर तो लगेच पुन्हा लिहावा लागे.

एवढ्याशा स्मृतीत काम करणे ही कसरतच होती. कारण आज्ञा आणि आकडे दोन्ही तिथेच राहतात. समजा ४५ एकसामयिक समीकरणे सोडवायची आहेत. त्यांच्या सहगुणकांनाच ४५ × ४५, म्हणजे २,०२५ शब्द लागतील. आज्ञावलीसाठी उरले २३! गणित बरोबर असून भागत नाही, ते कागदावर मावेल इतके आखूडही करावे लागते, हे त्या पिढीच्या आज्ञावलीकारांच्या हाडीमांसी खिळले होते.

धंद्यातल्या संगणकांचीही हीच तऱ्हा. मुंबईत एस्सो या तेल कंपनीने १९६१ साली आयबीएमचा १४०१ हा संगणक बसवला. हे मॉडेल १,४०० पासून १६,००० अक्षरांपर्यंतच्या स्मृतीत मिळे. हजार ग्राहकांच्या नोंदींत १९६१ ऐवजी नुसते ६१ लिहिले तर २,००० अक्षरे वाचतात. जगभर ही काटकसर रूढ झाली. पुढे स्मृती स्वस्त झाली, पण नोंदींचा साचा तसाच राहिला आणि १९९९ साली साऱ्या जगाला वर्षाचे चार अंक करत बसावे लागले. टेबल बदलले तरी लहान टेबलाच्या सवयी रजिस्टरात उतरलेल्या असतात, त्या अशा.

१९६४ साली टाटा संस्थेत अमेरिकेहून सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि देशभरातल्या संशोधकांची कामे त्यावर होऊ लागली. या यंत्राच्या स्मृतीचा एक कप्पा ३२,७६८ शब्दांचा असे. हाच आकडा का? कारण आज्ञेत स्मृतीतल्या जागेचा पत्ता लिहायला १५ द्विमान अंकांची जागा होती, आणि १५ वेळा दुप्पट केले की ३२,७६८ होतात. इथे मर्यादेचे दुसरे रूप समोर येते. पहिली मर्यादा पैशाची. स्मृती महाग म्हणून कमी. दुसरी पत्त्याची. कितीही पैसे ओतले तरी ज्या जागेचा पत्ताच लिहिता येत नाही, ती जागा असून नसल्यासारखी. शिक्षकांना हे पटायला अडचण नाही. जनरल रजिस्टरच्या क्रमांकाला चारच चौकटी छापल्या असतील, तर दहा हजाराव्या विद्यार्थ्याचे काय करायचे?

सीडीसीने काढलेला तोडगा वरळीच्या बीडीडी चाळींच्या रहिवाशांना लगेच कळला असता. तिथे एकेका चाळीत ८० खोल्या असत. 'खोली क्रमांक १२' एवढ्यावर पत्र पोचत नसे, चाळीचाही क्रमांक लागे. सीडीसीतही आठपर्यंत कप्पे जोडता येत आणि कप्प्याचा क्रमांक वेगळा सांगावा लागे. एकूण जागा २,६२,१४४ शब्दांची होई. मात्र आज्ञेतला पत्ता १५ अंकीच राही.

त्याच वरळीत तीस वर्षांनी स्मृतीचा अगदी निराळा उपयोग झाला. राष्ट्रीय शेअर बाजाराने ३ नोव्हेंबर १९९४ रोजी शेअरचे व्यवहार संगणकाच्या पडद्यावर सुरू केले. खरेदी-विक्रीच्या मागण्या जुळवायच्या, त्याही किंमत आणि वेळेच्या क्रमाने, तर प्रत्येक वेळी कपाट उघडून चालणार नव्हते. म्हणून व्यवहाराची सगळी माहिती स्मृतीतच ठेवण्याची योजना केली गेली. म्हणजे सारे रजिस्टरच टेबलावर! यात एक धोका होता. फेराइटची कडी वीज गेली तरी आपला अंक विसरत नसे, आजची अर्धवाहक स्मृती मात्र वीज जाताच कोरी होते. म्हणून यंत्र स्ट्रॅटसचे निवडले होते. त्यातला महत्त्वाचा प्रत्येक भाग दुहेरी असे आणि एक बंद पडला तरी दुसरा काम चालू ठेवी.

पत्त्याची भिंत मात्र पुन्हा आडवी आलीच. बहुतेक छोट्या सर्व्हरांचे पत्ते ३२ अंकी होते. त्यांत ४ गिगाबाइटपलीकडचा पत्ता लिहिता येत नाही. १९९५ च्या पेंटियम प्रोने ३६ अंकी पत्ता आणून ६४ गिगाबाइटपर्यंत सोय केली. पण एकेका आज्ञावलीला दिसणारी जागा ४ गिगाबाइटच राहिली. पुन्हा चाळ क्रमांकाचीच युक्ती, तीस वर्षांनंतर! २००३ पासून साध्या सर्व्हरांतही ६४ अंकी प्रक्रियक आले, तेव्हा कुठे ही भिंत बरीच दूर सरकली.

मग आज कोठे अडते? पुष्कळदा यंत्रात नव्हे, सूचनेत. टेबलाचा किती भाग वापरायचा हे माहितीसाठ्याच्या आज्ञावलीला सांगावे लागते. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस या दोन बहुप्रचलित आज्ञावल्या कोणी काही सांगितले नाही, तर आपल्या मुख्य साठ्यासाठी १२८ मेगाबाइटच घेतात. सर्व्हरची स्मृती ६४ गिगाबाइट केली आणि ही सूचना तशीच राहिली, तर नव्या प्रशस्त टेबलाच्या एका कोपऱ्यात कारकून पूर्वीसारखेच अवघडून बसतात. उलट सगळीच स्मृती देऊन टाकली, तर इतर कामांना जागा उरत नाही. मग यंत्र डिस्कचाच तुकडा स्मृती म्हणून वापरू लागते आणि टेबलावरचे सामान कपाटात व कपाटातले टेबलावर करण्यातच त्याचा सारा वेळ जातो. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या अवस्थेचा अभ्यास मांडला होता.

आणि शेवटचा दिवस? जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक शाळेसाठी सर्व्हरला थोडी वेगळी जागाही द्यावी लागते. प्रत्येकीच्या वाट्याला ४ मेगाबाइट धरले, तर एका वेळी ५० शाळांना २०० मेगाबाइट पुरतात. ५,००० शाळा एकदम आल्या तर २० गिगाबाइट लागतात. एरवी नीट चालणारे यंत्र त्या एका दुपारी कोलमडते ते अशा गुणाकाराने. तालुक्यातालुक्याला वेगळे वार नेमून दिले, तर तेच यंत्र तेवढ्याच स्मृतीत सगळ्या शाळांचे काम उरकते.