बँकेच्या नावाने येणारे बनावट ईमेल : ओळख, उपाय आणि तक्रारीची वेळ

बँकेच्या किंवा बँकेशी संबंधित एखाद्या संस्थेच्या नावाने ईमेल पाठवून ग्राहकाचा पासवर्ड, कार्डाचा तपशील वा ओटीपी त्याच्याच हातून काढून घेणे, या फसवणुकीला ‘फिशिंग’ म्हणतात. मासेमारीसाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचे स्पेलिंग किंचित बदलून १९९०च्या दशकात हा शब्द रूढ झाला. गळ टाकून बसणाऱ्याला कोणता मासा लागणार हे ठाऊक नसते. इथेही एकच ईमेल हजारो पत्त्यांवर धाडला जातो आणि ज्यांचे खाते योगायोगाने त्या बँकेत असते, त्यांना तो आपल्यालाच लिहिलेला वाटतो.

मोबाइलवरील संदेश आणि फोन यांच्या मानाने ईमेल हे फसवणुकीचे जुने साधन. गोव्यात मात्र त्याचा धोका मुळीच कमी झालेला नाही. बोटीवर किंवा आखातात नोकरीस असलेल्यांचा भारतीय मोबाइल क्रमांक अनेकदा महिनोन् महिने बंद असतो आणि अनिवासी खात्याच्या व्यवहारांच्या सूचना त्यांना ईमेलनेच कळतात. बंदरात उतरल्यावर घाईघाईने टपाल पाहणारा खलाशी, किंवा त्याच्या वतीने घरी ईमेल उघडणारे वृद्ध आईवडील, हे फसवणूक करणाऱ्यासाठी सोयीचे वाचक असतात.

आमिष कशाचे?

बनावट ईमेल ओळखण्यासाठी पूर्वी भाषा पाहावी असे सांगितले जाई. व्याकरणाच्या चुका, विचित्र वाक्यरचना, ‘प्रिय ग्राहक’ असे मोघम संबोधन या खुणा होत्या. आज हा निकष जवळजवळ निकामी झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी निर्दोष इंग्रजी आणि बऱ्यापैकी मराठीही कोणालाही लिहिता येते. बँकेचे बोधचिन्ह, रंग, तळाचा कायदेशीर मजकूर हे सारे तर खऱ्या ईमेलवरूनच उचललेले असते. तेव्हा ईमेल कसा दिसतो, यापेक्षा तो आपल्याकडून काय करून घेऊ पाहतो, हे पाहणे अधिक उपयोगाचे.

सर्वांत परिचित मागणी केवायसीची. ‘आपले केवायसी अपूर्ण आहे, आज रात्री खाते बंद होईल, खालील दुव्यावर माहिती भरा.’ ही धमकी लागू पडते, कारण तिच्यात सत्याचा अंश आहे. केवायसीचे नूतनीकरण खरोखरच ठरावीक काळाने करावे लागते. कमी जोखमीच्या खात्यांसाठी ते दहा वर्षांनी, मध्यम जोखमीच्या खात्यांसाठी आठ वर्षांनी आणि अधिक जोखमीच्या खात्यांसाठी दोन वर्षांनी येते. पण रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार मुदत संपण्यापूर्वी बँकेने ग्राहकाला किमान तीन पूर्वसूचना द्यावयाच्या असतात आणि त्यांपैकी किमान एक कागदी पत्राने पाठवावयाची असते. मुदत उलटून गेल्यावरही तशीच तीन स्मरणपत्रे द्यावी लागतात. घरी एकही पत्र न येता थेट ईमेलमधून ‘आज रात्री खाते बंद’ असे सांगणारा मजकूर या चौकटीत बसत नाही. शिवाय माहितीत काही बदल नसेल, तर साधे स्वयंघोषणापत्र पुरते. जवळच्या शाखेत जाऊन ते देता येते.

प्राप्तिकराचा परतावा, संपत आलेले रिवॉर्ड पॉइंट आणि पूर्वमंजूर कर्ज ही लोभाची आमिषे. त्यांवर अधिक लिहिण्याची गरज नाही. वाचकांपैकी बहुतेकांनी ती पाहिलेली आहेत.

खरा कावेबाज प्रकार वेगळाच आहे. ‘आपल्या खात्यातून ४९,९९९ रुपये वळते झाले आहेत. हा व्यवहार आपण केला नसल्यास त्वरित येथे क्लिक करा.’ निष्काळजी माणूस याकडे दुर्लक्ष करील; फसतो तो सावध माणूस. फसवणुकीची भीती हेच येथे आमिष असते. दुव्यामागील पान हुबेहूब नेटबँकिंगसारखे असते. तेथे भरलेला पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या संकेतस्थळावर वापरला जातो, ग्राहकाच्या मोबाइलवर खऱ्या बँकेचा ओटीपी येतो, आणि ‘व्यवहार रद्द करण्यासाठी’ म्हणून तोही त्याच पानावर भरला जातो. ओटीपी खरा आल्यामुळे ग्राहकाचा विश्वास उलट वाढतो. अशा वेळी ओटीपीच्या संदेशातील मजकूर पूर्ण वाचावा. तो कशासाठी आहे, हे त्यात बहुधा लिहिलेले असते. पैसे परत मिळवण्यासाठी किंवा व्यवहार थांबवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. तो केवळ आपल्या खात्यातून पैसे जाण्यासाठी किंवा शिल्लक पाहण्यासाठी असतो.

पत्ता उजवीकडून वाचावा

ईमेलच्या माथ्यावर दिसणारे पाठवणाऱ्याचे नाव पाठवणाऱ्यानेच लिहिलेले असते. तेथे कोणीही कोणत्याही बँकेचे नाव घालू शकतो. त्या नावावर बोट ठेवल्यास खरा पत्ता उघड होतो. त्यात ‘ॲट’ या चिन्हानंतरचा भाग पाहावा आणि दुव्याच्या बाबतीत पहिल्या तिरक्या रेषेपूर्वीचा भाग पाहावा. तो उजवीकडून डावीकडे वाचावा, कारण इंटरनेटवरील पत्त्याचा मालक उजव्या टोकाला ठरतो. पत्त्याच्या आरंभी बँकेचे पूर्ण नाव आहे, पण अखेर ‘केवायसी-अपडेट डॉट कॉम’ अशी आहे, तर ते संकेतस्थळ त्या शेवटच्या नावाच्या मालकाचे. डावीकडचे बँकेचे नाव ही केवळ पाटी.

या बाबतीत अलीकडे एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने भारतातील बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव टोक असलेल्या पत्त्यावर जाण्यास सांगितले आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे पत्ते देण्याचा अधिकार हैदराबाद येथील आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेल्या संस्थेकडे आहे. इतर कोणालाही ते विकत घेता येत नाहीत. नागरी सहकारी बँकांनाही हा नियम लागू आहे. म्हणून बँकेच्या नावाने आलेला दुवा दुसऱ्याच कोणत्या टोकाच्या पत्त्यावर नेत असेल, तर तेथे काहीही भरू नये. मात्र ‘बँक’ आणि ‘इन’ यांच्यामध्ये बिंदू आहे की आडवी रेघ, आणि ‘इन’नंतर आणखी काही आहे काय, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. रोमन लिपीत ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरे जवळजवळ आली, की मोबाइलच्या पडद्यावर ती ‘एम’सारखी दिसतात. असा बारकावा घाईत कोणाच्याही नजरेतून सुटेल.

म्हणूनच अंतिम उपाय पत्ता तपासण्याचा नाही, तो दुवा न वापरण्याचा आहे. ईमेल बाजूला ठेवून बँकेचे ॲप उघडावे, किंवा पत्ता स्वतः टाइप करावा. खरी सूचना असेल, तर ती तेथेही दिसेल. फोन करायचा झाल्यास कार्डाच्या पाठीवरचा किंवा पासबुकातील क्रमांक घ्यावा. ईमेलमधील नव्हे, आणि शोधयंत्रावर सर्वांत वर आलेलाही नव्हे.

पडद्यावरील कुलुपाच्या चिन्हाबद्दलचा गैरसमज अजून बराच टिकून आहे. ते चिन्ह आपण आणि ते संकेतस्थळ यांच्यातील संवाद सांकेतिक झाला आहे, एवढेच सांगते. समोर चोर असला तरी त्याच्याशी होणारा संवाद सुरक्षितच असतो!

जोडलेल्या फाइलींबाबत एवढेच, की खात्याचे विवरणपत्र बँका सहसा पासवर्डने बंद केलेल्या पीडीएफमध्ये पाठवतात. उघडताच नेटबँकिंगचा पासवर्ड विचारणारी फाइल, किंवा मोबाइलवर ॲप बसवणारी ‘एपीके’ फाइल, बँकेची नसते.

कायदा आणि घड्याळ

दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये नॅसकॉमने दाखल केलेल्या दाव्यात फिशिंग बेकायदेशीर ठरवले, तेव्हा त्यासाठी स्वतंत्र कलम नव्हते. आज माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी आणि ६६-डी या कलमांखाली, म्हणजे दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे व संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे यांसाठी, तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पण पैसे गमावलेल्या ग्राहकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे आहे ते रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक. त्याच वर्षी डिसेंबरात सहकारी बँकांसाठीही तसेच निर्देश निघाले.

त्यानुसार चूक बँकेची असेल, तर ग्राहकावर कोणतेही दायित्व नाही. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, दोष यंत्रणेत अन्यत्र आहे, अशा वेळी बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास पूर्ण संरक्षण मिळते. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवल्यास ग्राहकाचा वाटा सामान्य बचत खात्यासाठी कमाल १०,००० रुपये, तर मूलभूत बचत खात्यासाठी ५,००० रुपये. त्यानंतर बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते.

फिशिंगमध्ये मात्र बहुधा तिसरीच परिस्थिती असते. ग्राहकाने पासवर्ड वा ओटीपी स्वतः दिलेला असतो. नियमाच्या भाषेत हा निष्काळजीपणा, आणि बँकेला कळवेपर्यंत झालेले सारे नुकसान ग्राहकाचे. कळवल्यानंतर जे पैसे जातील, ते नुकसान बँकेचे. येथे दिवसांची सवलत नाही. रेषा तक्रारीच्या मिनिटावर आखलेली आहे. चोरटे रक्कम अनेकदा टप्प्याटप्प्याने काढतात. पहिल्या हप्त्यानंतर लाजेपोटी दोन तास गप्प बसलेल्या माणसाचे त्या दोन तासांतले नुकसानही त्याच्याच माथी येते. घरातल्यांना काय सांगायचे, मुलगा रागावेल काय, हा विचार नंतर करावा. आणि मुलांनीही तो रागवण्याचा प्रसंग पुढे ढकलावा.

तक्रार नोंदवताच बँकेने तिचा क्रमांक द्यावयाचा असतो आणि तारीख व वेळ नोंदवून ठेवावयाची असते. ते दोन्ही मागून लिहून घ्यावेत. पुढील सारा वाद त्या वेळेवर ठरतो. ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे आणि तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लागावयास हवा.

चूक आपलीच, म्हणून हात जोडून बसण्याचेही कारण नाही. पुण्यातील एका उद्योगाच्या प्रमुखाने फिशिंग ईमेलला उत्तर दिले आणि त्याच्या खात्यातून ८० लाखांहून अधिक रुपये गेले. महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी २०१३ मध्ये त्या प्रकरणात एका राष्ट्रीयीकृत बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ईमेलला उत्तर दिले म्हणून काही भार तक्रारदारावर राहिला. पण ज्या खात्यांत पैसे वळवले गेले, ती उघडताना आवश्यक तपासणी झाली नव्हती, हा दोष बँकेचा धरला गेला. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी असा न्यायनिर्णयाचा अधिकार प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांना आहे. तो गोव्यातही आहे, हे फार थोड्या लोकांना माहीत असते.

पैसे गेल्यावर

बँकेला फोन करून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड बंद करावे. लगेच १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा, किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरावी. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवावी. ही तक्रार ज्या बँकेत पैसे पोहोचले तिच्यापर्यंत जाते आणि रक्कम तेथे शिल्लक असेल तर ती रोखून धरता येते. पैसे एका भाड्याच्या खात्यातून दुसऱ्यात आणि तेथून एटीएममध्ये जाण्यापूर्वी हे व्हावे लागते. थोड्या रकमेच्या मोबदल्यात आपले खाते ‘वापरायला’ देणारे तरुण या साखळीचा भाग बनतात आणि बहुतेक वेळा पोलिसांच्या हाती प्रथम तेच लागतात.

परदेशातून १९३० लागला नाही, तर पोर्टल आणि बँकेचा आंतरराष्ट्रीय क्रमांक वापरावा. बोटीवर जाण्यापूर्वी तो कागदावर लिहून घरी ठेवलेला बरा. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

मूळ ईमेल रागाने पुसून टाकू नये. त्याच्या न दिसणाऱ्या शीर्षभागात तो कोणत्या मार्गाने आला याची नोंद असते आणि ती स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. ईमेल खात्याचाही पासवर्ड बदलावा आणि त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आलेले टपाल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर पाठवण्याचा नियम कोणी बसवून ठेवलेला नाही ना, हे पाहावे. तसा नियम राहिला, तर पासवर्ड बदलल्यानंतरही बँकेचे प्रत्येक पत्र चोराला मिळत राहते.